गॅस भरला, तरी फ्रीज गार का होत नाही?

या महिन्याची पत्रं चाळताना एकच गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा भेटलं. फ्रीज बिघडला, दुरुस्त करून घेतला, काही दिवस बरा चालला आणि मग कूलिंगने पुन्हा मान टाकली. म्हणून आजचं सगळं सदर या एकाच विषयाला.

फ्रीजदुरुस्तीत माझी हयात गेली, आता मी हेच काम शिकवते. दुरुस्त झालेला फ्रीज पुन्हा तपासायचा असेल तर मी आधी एकच विचारते : सिस्टीम उघडली होती का? म्हणजे नळी कापणं, जोड देणं, गॅस भरणं यांतलं काही झालं का? झालं असेल तर आत ओल शिरणं, हवा राहणं, गॅस कमी-जास्त भरला जाणं, नवा जोड गळणं असे दोष संभवतात. नुसता हीटर, फॅन, थर्मोस्टॅट किंवा रिले बदलला असेल, तर शोध वायरिंगपाशी आणि हवेच्या वाटांपाशी घ्यायचा. बऱ्याच पत्रांत "रिपेअर केला" एवढंच लिहिलंय. काय बदललं, कुठला गॅस किती ग्रॅम भरला, हे मेकॅनिककडून लिहून घेत जा. तो तुमचा हक्क आहे आणि पुढे फ्रीज उघडणाऱ्याचं निम्मं काम त्यात होतं.

प्रश्न : आमचा एका दरवाजाचा जुना फ्रीज आहे, बटण दाबून बर्फ वितळवावा लागतो तसा. कूलिंग पूर्ण गेलं होतं. मेकॅनिकने घरीच गॅस भरून दिला. तीन आठवडे उत्तम चालला. आता फ्रीझरच्या मागच्या एका कोपऱ्यातच बर्फ धरतो, बाकीचा फ्रीझर नुसता ओलसर. खाली काहीच गार होत नाही आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू. मेकॅनिक म्हणतो, "गॅस संपला, परत भरू." दर तीन आठवड्यांनी गॅस भरायचा का?

उत्तर : मुळीच नाही. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता सोडून द्रव होतो, कॅपिलरीच्या बारीक नळीतून पलीकडे गेला की त्याचा दाब पडतो आणि फ्रीझरच्या नळ्यांत तो उकळायला लागतो. उकळताना लागणारी उष्णता तो फ्रीझरमधून ओढून घेतो, म्हणून फ्रीझर गार. मग वाफ परत कॉम्प्रेसरकडे. कारखान्यात भरलेला गॅस फ्रीज भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. पहिल्यांदा कूलिंग गेलं तेव्हाच ती गळती शोधायला हवी होती. ती न शोधता वरून गॅस भरला आणि तोही त्याच वाटेने गेला. परत भरला तर परत जाईल.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची ओळ म्हणजे "एका कोपऱ्यातच बर्फ". कॅपिलरी जिथे फ्रीझरला मिळते तिथून द्रव आत येतो. गॅस पुरेसा असेल तर तो सगळ्या नळ्या फिरून शेवटपर्यंत उकळत जातो आणि फ्रीझरच्या पूर्ण पत्र्यावर सारखा पांढरा थर दिसतो. गॅस थोडाच असेल तर तो पहिल्या वेटोळ्यातच उकळून संपतो. पुढच्या नळ्यांत नुसती वाफ, ती फारशी उष्णता ओढून घेऊ शकत नाही. फ्रीझर पूर्ण वितळवा, कोरडा पुसा, दार बंद करून फ्रीज सहा-सात तास चालवा आणि बर्फाची हद्द कुठपर्यंत आली ते बघा. हवं तर फोटो काढा. दोन दिवसांनी पुन्हा तसंच करा. हद्द मागे सरकत असेल तर गळती नक्की. ती दुरुस्तीच्या दिवसापासून जिथल्या तिथे असती, तर मी म्हटलं असतं की मुळातच गॅस कमी भरलाय किंवा कुठेतरी अर्धवट चोक आहे, म्हणजे नळी तुंबली आहे.

चोकचं चित्र जवळपास असंच दिसतं, म्हणून दोघांत फरक कसा करायचा तेही सांगते. मागच्या जाळीवर वरून खाली हात फिरवा. गॅस गळून कमी झाला असेल तर सगळी जाळी जेमतेम कोमट लागते. चोक असेल तर द्रव जाळीत तुंबतो, वरचे वेढे गरम आणि खालचे थंडगार लागतात. जाळी आणि कॅपिलरी यांच्यामध्ये ओल धरणारा फिल्टर असतो. त्याची कॅपिलरीकडची बाजू जाळीकडच्या बाजूपेक्षा गार असेल किंवा तिच्यावर घाम आला असेल, तर फिल्टरच तुंबलाय. मग फ्रीज बंद करा आणि फ्रीझरला कान लावा. दोन्हीकडचा दाब सारखा होताना जो सुस्कारा ऐकू येतो तो एरवी काही मिनिटांत थांबतो. चोकमध्ये तो बारीक आवाजात कितीतरी वेळ चालू राहतो.

आता गळती कुठे असेल? आधी गॅस भरायची छोटी नळी आणि तिचं टोक, कारण घाईत तीच नीट बंद होत नाही. मग नवे जोड. मग तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे मिळतात ते सांधे. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, तेव्हा एखाद्या सांध्यावर तेलकट धूळ चिकटली असेल तर तिथे नीट बघायला सांगा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात, पण ते केव्हा लावतात त्याला महत्त्व आहे. फ्रीज चालू असताना फ्रीझरकडच्या नळ्यांत दाब फार कमी असतो. आर-६००ए (फ्रीजमध्ये भरतात त्यांतला एक गॅस) उणे २५ अंशांना उकळत असेल तर तिथला दाब सुमारे ०.६ बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही कमी. अशा वेळी भोकातून गॅस बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बुडबुडे दिसत नाहीत आणि मेकॅनिक म्हणतो, "लीकेज नाही." त्या बाजूची गळती बघायची तर फ्रीज बंद करून, दाब सारखा होऊ देऊन मगच. त्याहून चांगलं म्हणजे नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघणं. मी तरी नायट्रोजनशिवाय कुठलंही लीकेजचं काम पुरं झालं असं मानत नाही.

आणि एक घरातच विचारा : फ्रीझरमधला बर्फ कुणी सुरीने किंवा चमच्याच्या दांड्याने खरवडला होता का? त्या पत्र्याच्या आतच नळ्या असतात आणि ॲल्युमिनियम मऊ. सुरीचं एक टोक पुरतं. तसं असेल तर मेकॅनिकला मोकळेपणाने सांगा, त्याचे तासन्‌तास वाचतील.

प्रश्न : दुरुस्तीनंतर फ्रीजच्या दोन्ही बाजू चांगल्याच गरम लागतात. आधीच्या फ्रीजला मागे काळी जाळी होती, याला नाही. काही चुकलंय का?

उत्तर : नाही. तुमच्या फ्रीजची जाळी बाजूच्या पत्र्यांच्या आत बसवलेली आहे. उष्णता तिथूनच बाहेर पडणार. गॅस नवा भरल्यावर आणि फ्रीज रिकाम्या अवस्थेतून गार होत असताना पहिला दिवस बाजू जास्त तापतात, मग निवळतात. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. या बाजू एकदम गार पडल्या आणि कॉम्प्रेसर मात्र चालूच असला, तर काळजी करायची.

प्रश्न : कॉम्प्रेसर जळाला म्हणून नवा बसवला, गॅस भरला. तेव्हापासून फ्रीजचा काही नेम नाही. सकाळी फ्रीझर दगडासारखा, दुपारी त्यातून पाणी गळतं, संध्याकाळी आपोआप पुन्हा गार. कॉम्प्रेसर या सगळ्यात चालूच असतो. थर्मोस्टॅट बदलून पाहिला, फरक नाही.

उत्तर : थर्मोस्टॅट बिचारा निर्दोष होता. त्याच्यामुळे कूलिंग जात असतं तर कॉम्प्रेसरही बंद पडला असता. तुमचा कॉम्प्रेसर चालू राहून कूलिंग जातं आणि आपसूक येतं, याचा अर्थ आतला गॅस मध्येच अडतो आणि मध्येच सुटतो. सिस्टीममध्ये पाणी शिरलंय. आमच्याकडे याला ओलीचा चोक म्हणतात आणि कॉम्प्रेसर बदलल्यानंतर हा दोष मला सर्रास दिसतो.

कॅपिलरीचं आतलं भोक साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर, म्हणजे गोधडी शिवायच्या दोऱ्याइतकं. गॅसबरोबर फिरणारी ओल त्या नळीच्या टोकाशी, जिथे तापमान एकदम शून्याखाली जातं, तिथे गोठते. अगदी थोडं पाणीही तेवढं भोक बुजवायला पुरतं. वाट बंद झाली की फ्रीझरमध्ये द्रव येणं थांबतं, फ्रीझर तापायला लागतो, तापला की तो बर्फाचा खडा वितळतो, गॅस पुन्हा धावतो, फ्रीझर गार होतो आणि खडा पुन्हा धरतो. तुमचं सकाळ-दुपार-संध्याकाळचं चक्र हेच.

खात्री घरच्या घरी करता येते. फ्रीझर वितळायला लागला आहे आणि कॉम्प्रेसर चालू आहे, अशी वेळ साधा. फ्रीझरमध्ये बारीक नळी जिथे आत शिरते ती जागा शोधा. गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला फडका तिथे धरा आणि खोलीत शांतता ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत एकदम "फुस्स" आवाज येऊन गॅस वाहायला लागला, तर निदान पक्कं. ज्योत किंवा हेअर ड्रायर तिथे नेऊ नका. प्लास्टिक वितळतं, आणि गॅस आर-६००ए असेल तर तो पेट घेणारा आहे.

उपाय अर्धवट करून चालत नाही. गॅस काढायचा, फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम करायचा आणि वजनाने गॅस भरायचा. फिल्टरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात. त्यांची शोषायची ताकद एकदा भरली की संपली. म्हणून सिस्टीम उघडली की फिल्टर नवाच, त्यात तडजोड नाही. जुना फिल्टर कटरने कापून काढायला सांगा. ज्योतीने सोडवला तर दाण्यांतली सगळी ओल वाफ होऊन नळ्यांत जाते, म्हणजे जे काढायला बसलो तेच आत ढकललं.

व्हॅक्यूमचं मी विद्यार्थ्यांना इतकं सांगते की त्यांना ते पाठ झालंय. नळ्यांतलं पाणी पिचकारीने बाहेर येत नाही, ते उकळवून वाफ करूनच काढावं लागतं. २५ अंशांना पाणी उकळायचं तर दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरच्या खाली न्यावा लागतो. प्रत्यक्षात अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन, त्याच्या खाली गेलं आणि पंप बंद केल्यावर तिथेच टिकलं, तर काम झालं. इतकं खोल फक्त व्हॅक्यूम पंप जातो. काही जण फ्रीजचाच कॉम्प्रेसर चालवून हवा ओढतात आणि त्याला व्हॅक्यूम म्हणतात. त्याने हवा बरीचशी जाते, पाणी राहतं. तुमच्याकडे काय केलं होतं ते विचारा. पंपच आणला नव्हता असं उत्तर आलं तर मला नवल वाटणार नाही.

आर-१३४ए या दुसऱ्या गॅसच्या कॉम्प्रेसरमधलं तेल हवेतली ओल झपाट्याने पितं. नव्या कॉम्प्रेसरची रबरी बुचं काढून तो तासभर उघडा ठेवला की ओल आत गेलीच, आणि तेलात मुरलेली ओल व्हॅक्यूमलाही लवकर दाद देत नाही. बुचं जोडणीच्या अगदी आधी काढायची आणि १५ मिनिटांच्या आत सिस्टीम बंद करायची, हा माझ्या वर्गातला नियम आहे.

कुणी "थोडं मिथेनॉल घालतो, मग बर्फ धरणार नाही" म्हणालं तर त्याला हात जोडून परत पाठवा. बर्फ धरणार नाही हे खरं, पण मिथेनॉल ॲल्युमिनियम खातं आणि मोटरच्या वेटोळ्यांवरचं आवरण खराब करतं. फ्रीझर आणि नवा कॉम्प्रेसर दोन्ही जातील.

प्रश्न : दोन दरवाजांचा फ्रॉस्ट फ्री फ्रीज. वर बर्फ होतो पण खाली काहीच गार राहत नाही. मेकॅनिकने आतलं पॅनेल काढलं, मागे बर्फाची भिंत होती. ती वितळवून डिफ्रॉस्टचा हीटर नवा टाकला. सहा दिवस छान चालला, मग तेच. पुन्हा वितळवला, पुन्हा सहा दिवस. आता तो गॅस भरू म्हणतोय.

उत्तर : गॅसला हात लावू देऊ नका. तुमची सिस्टीम अजून उघडलेली नाही आणि ती उघडायचं काही कारण तुमच्या पत्रात नाही. पूर्ण वितळवला की फ्रीज सहा दिवस छान चालतो, म्हणजे गॅस पुरेसा आहे, कॉम्प्रेसर ठीक आहे, फॅनही फिरतोय. बिघडलंय ते आपोआप बर्फ वितळवण्याचं काम.

तुमच्या फ्रीजमध्ये गार होणारी कॉईल एकच, पॅनेलमागे. फॅन तिच्यावरून हवा ओढून वर आणि खाली पाठवतो. दार उघडलं की ओली हवा येते, तिची ओल कॉईलवर गोठते. म्हणून कॉम्प्रेसर काही तास चालला, साधारण सहा ते बारा, की टायमर किंवा बोर्ड तो थांबवून वीसेक मिनिटं हीटर चालू करतो. हे घडलं नाही की दिवसागणिक बर्फ साठतो आणि हवेची वाट बुजते. वरचा कप्पा कॉईलला लागून असल्याने गार राहतो, खालच्याला हवा पोचत नाही. सहा दिवस हा त्या साठण्याचा वेळ आहे.

हीटर बदलूनही तेच होतंय, कारण हीटर एकटा नसतो. त्याच्याबरोबर बायमेटल (तापलं की हीटर बंद करणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज (फार तापलं तर उडणारा) ओळीने जोडलेले असतात, आधी टायमर किंवा बोर्ड. यांतलं एक तुटलं की नवा हीटरही गप्प. फ्यूज एकदा उडाला की परत जुळत नाही, आणि जुना हीटर जाताना तो फ्यूज घेऊन गेला असण्याची शक्यता मला मोठी वाटते. मल्टिमीटर लावला की कळतं. २३० व्होल्टवर चालणारा १५० वॉटचा हीटर साधारण ३५० ओहम दाखवतो. अनंत दाखवला तर तुटला. बायमेटलची तपासणी मात्र फसवी आहे. ते गारठल्यावरच जुळतं, खोलीच्या तापमानाला ते उघडंच असतं. टेबलावर मीटर लावून "हे गेलं" म्हणत कितीतरी चांगली बायमेटल फेकली जातात. आधी ते चालू फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवा आणि मग लगेच मीटर लावा.

हीटर बदलताना बायमेटलची क्लिप सोडवलेली असते. ती जिथून काढली त्याच नळीवर परत बसली का, ते बघा. हीटरच्या फार जवळ लटकवली तर ती लवकर तापून हीटर बंद करते आणि अर्धा बर्फ तसाच राहतो. कॉईलखालचं पाणी जायचं भोकही तपासा. ते तुंबलं तर वितळलेलं पाणी तिथेच गोठून खालून वर भिंत चढते. पॅनेल लावताना कडेची स्पंजपट्टी जागेवर आहे ना, फॅनचं कनेक्टर टक्क आवाज येईपर्यंत बसलं ना, हेही.

पुढच्या वेळी पॅनेल काढलं की बर्फ वितळवण्याआधी कॉईलकडे स्वतः बघा. वरपासून खालपर्यंत सारखा जाड बर्फ असेल तर डिफ्रॉस्टचा दोष. एक-दोन वेढ्यांवरच बर्फाचा गोळा आणि बाकीची कॉईल उघडी असेल, तर आणि तरच गॅसचा विचार करायचा.

प्रश्न : ताई, मी हे काम शिकतोय. उस्ताद आर-६००ए गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, बघून भरतात. परवा भरलेल्या फ्रीजमध्ये फ्रीझर गार झाला, पण परतीच्या जाड नळीवर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ आला. उस्ताद म्हणाले, थोडा गॅस सोडून दे. सोडायचा का?

उत्तर : तिथल्या तिथे सोडू नकोस. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. हवेत तो सुमारे १.८ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो, आणि हवेच्या दुप्पट जड असल्याने जमिनीलगत साचतो. खिडक्या-दारं उघडी, जवळ ज्योत नाही, कुठलंही बटण दाबायचं नाही, आणि गॅस नळीने घराबाहेर मोकळ्या हवेत. आत गॅस असताना नळीला ज्योत लावायची नाही, हे तर तू झोपेतही विसरू नयेस. आधी बाहेर काढ, व्हॅक्यूम कर, नायट्रोजन फिरव, मगच जोड दे.

परतीची नळी कॉम्प्रेसरपाशी खोलीच्या तापमानाच्या आसपास असायला हवी. तिथे बर्फ आला म्हणजे द्रव फ्रीझरमध्ये पुरता न उकळता परत येतोय. गॅस जास्त झाल्याने हे होतं. पण फ्रॉस्ट फ्री असेल तर आधी फॅन बघ. फॅन बंद असला किंवा कॉईल बर्फाने बुजली असली तरी द्रव उकळायला उष्णता मिळत नाही आणि नळीवर असाच बर्फ येतो. चांगल्या भरलेल्या फ्रीजमधून गॅस सोडून देशील आणि दुखणं वाढवशील.

कॉम्प्रेसर हाताला चटका देतो, यावरूनही लगेच काही ठरवू नकोस. ठणठणीत फ्रीजचा कॉम्प्रेसरही ६०-७० अंशांना चालतो. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लाव आणि फ्रीजच्या पाटीवरच्या अँपिअरशी ताडून बघ. गॅस जास्त असेल तर करंट वर, कमी असेल तर खाली.

राहता राहिलं गेज. आर-६००ए मध्ये फ्रीझरकडचा दाब चालू असताना गेजच्या शून्याच्याही, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्याही, खाली असतो, तिथे काट्यावरून दहा ग्रॅमचा अंदाज कुणालाच येत नाही. आणि घरगुती फ्रीजमध्ये हा गॅस असतोच मुळी ५०-६० ग्रॅमच्या आसपास, तेव्हा दहा ग्रॅम म्हणजे पाचवा-सहावा हिस्सा. पाटीवर ग्रॅम लिहिलेले असतात. एक-दोन ग्रॅम नेमका दाखवणारा वजनकाटा घे, सिलिंडर त्यावर ठेव आणि तेवढंच भर. उस्तादांचा मान राखून हे त्यांना सांग. हात त्यांचे कुशल असतील, पण हा गॅस अंदाजावर भरण्यातला नाही. आणि पाटीवर एक गॅस असताना दुसरा भरायचा नाही. दोघांचे कॉम्प्रेसर वेगळे, तेल वेगळं, वजन वेगळं.

प्रश्न : आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. गेल्या आठवड्यात थर्मोस्टॅट बदलला. फ्रीज गार वाटतो, पण पुरेसा आहे का हे कसं ठरवू?

उत्तर : हाताला गार वाटणं इथे कामाचं नाही, थर्मामीटर आणा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा मिळतो, तोच घ्या. पाण्याने भरलेल्या ग्लासात त्याचं टोक बुडवून मधल्या फळीवर ठेवा. नुसता हवेत ठेवला तर दार उघडल्या-उघडल्या आकडा पळतो. ग्लासातलं पाणी सावकाश बदलतं, आत ठेवलेल्या वस्तूंचं खरं तापमान ते सांगतं. चोवीस तास तसाच राहू द्या. ४ अंशांच्या आसपास आलं तर उत्तम. फ्रीझरमध्ये उणे १८ हवं.

मग हाच थर्मामीटर इन्सुलिन ठेवता तिथे, आणखी एक दिवस. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. वरची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते, मला भीती खालची वाटते. नवा थर्मोस्टॅट बसवताना त्याची बारीक नळी फ्रीझरच्या पत्र्याला नीट टेकली नाही, तर त्याला थंडी कळतच नाही आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. अशा फ्रीजमध्ये फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकलेलं सगळं गोठतं. सर्वांत कमी तापमान २ च्या खाली दिसलं तर बटण एक आकडा कमी करा, पुन्हा चोवीस तास बघा. तरीही खाली जात असेल तर थर्मोस्टॅटची नळी तपासायला मेकॅनिकला लगेच बोलवा आणि तोवर इन्सुलिन दुसऱ्या खात्रीच्या फ्रीजमध्ये हलवा. ठेवायचं ते मधल्या फळीवर, डब्यात, भिंतीपासून दूर. दारात नको, तिथे उघडझाप फार.

गेल्या आठवड्यात ते गोठलं असेल अशी शंका जरी असली तरी ती कुपी वापरू नका. वितळल्यावर ती दिसायला जशीच्या तशी असू शकते, पण तिचा गुण गेलेला असतो. डॉक्टरांना विचारून नवी आणा.